दोरीवरचं रोप

सोयाबीनच्या उभ्या शेतात चार खुंट्या ठोकून दोरी ताणली की दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन तयार होतो. पन्नास चौरस मीटर, म्हणजे हेक्टरचा बरोबर दोनशेवा भाग. त्यातलं पीक कापायचं, ताडपत्रीवर झोडायचं, उफणायचं, दाणे काट्यावर टाकायचे आणि आलेल्या वजनाला दोनशेने गुणायचं. सहा किलो भरले तर हेक्टरी बारा क्विंटल. सरकारदरबारी याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. २०२५च्या खरिपात महाराष्ट्रातला एक रुपयात पीक विमा बंद झाला आणि विम्याची भरपाई या प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनाशी बांधली गेली. नुकसान झाल्यावर ७२ तासांत पूर्वसूचना देऊन आपल्या शेताचं वेगळं गाऱ्हाणं मांडायची वाटही तेव्हाच बुजली. महसूल मंडळातल्या, म्हणजे काही गावांच्या गटातल्या, हजारो शेतकऱ्यांचं वर्ष आता अशा मोजक्या चौकोनांवर उभं आहे.

दोरी ताणली की पहिला प्रश्न तिच्या खाली आलेल्या रोपांचा. नियम सांगतो, मुळाचा अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तर रोप आतलं, नाहीतर बाहेरचं. वाचायला सोपा आहे. पण ४५ सेंटिमीटर अंतरावर पेरलेल्या सोयाबीनच्या पाच मीटर रुंदीत अकरा ओळी बसतात, आणि दोरी नेमकी ओळीवर पडली तर ती अख्खी ओळ आत घ्यायची की बाहेर ठेवायची हे विळा धरणारा ठरवतो. एक ओळ म्हणजे चौकोनाचा नऊ टक्के भाग. सहा किलोंत अर्धा किलोहून थोडं जास्त, हेक्टरी हिशोबात एक क्विंटलच्या वर. इतका मोठा निर्णय, आणि तो कुठल्याच रकान्यात लिहिला जात नाही.

नजर व्यक्तिनिष्ठ आणि काटा वस्तुनिष्ठ अशी आपण सरधोपट वाटणी करतो. एक संपलं की दुसरं सुरू होतं, असा त्यामागे समज असतो. प्रत्यक्षात काटा आणला म्हणून नजर घरी जात नाही. ती दोरीपाशी जाऊन बसते, जिथे तिच्याकडे कोणी बघत नाही. तरीसुद्धा काटा हवाच. तो कशासाठी हवा आणि त्याच्याकडून काय मागायचं, हे मात्र नीट ठरवायला हवं, कारण यावर दोन्ही बाजूंनी फार सैल बोललं जातं.

आधी निव्वळ नजरेचं काय होतं ते पाहू. महसूल खात्याच्या कागदांत ‘नजरअंदाज पैसेवारी’ असा शब्द आहे. हिंदीत नजरअंदाज म्हणजे दुर्लक्ष. आपल्या तहसीलमध्ये नजरेने बांधलेला अंदाज. शेतकऱ्याला विचाराल तर त्याला दोन्ही अर्थ लागू वाटतील. विदर्भात ही नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर होते. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, त्या मानाने यंदा किती आणे आलं, असा तो इंग्रजी अमलातला हिशोब. पुढे आण्यांचे पैसे झाले. प्रमाण उत्पादनाला शंभर पैसे धरायचं आणि यंदाचं पीक त्याच्या किती पैसे ते सांगायचं. पन्नास पैशांच्या खाली गाव गेलं की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, असा सवलतींचा दरवाजा उघडतो.

इथे पन्नासच्या आसपासचा आकडा आकडा राहत नाही, ती मागणी होते. ४८ की ५२ यावर गावसमितीत मतभेद झाला तर तो मिटवायला जाण्याजोगं शेतच नसतं. कोणाच्या डोळ्याला काय दिसलं एवढंच असतं, आणि डोळ्यांची पंचाईत अशी की त्यांना मालक असतो. सरपंचाच्या डोळ्याला पंचेचाळीस दिसतात, वरिष्ठांना अहवाल द्यायचा असलेल्या डोळ्याला पंचावन्न. दोघंही लबाड असायची गरज नाही. एकाने नाल्याकाठचं शेत पाहिलेलं असतं, दुसऱ्याने डांबरी रस्त्याकडेचं. जीप रस्त्यावरून जाते, म्हणून सरकारी नजरेला वर्षानुवर्षं रस्त्याकडेचं पीक जास्त दिसत आलं आहे.

हा रोग जुना आहे, उपायही बराच जुना. १९२०च्या दशकात बिहार-ओरिसात हबॅक नावाच्या सनदी अधिकाऱ्याने भाताच्या उत्पादनासाठी शेतं चिठ्ठीने निवडायची पद्धत वापरली. त्याची त्रिकोणी चौकट एकराच्या ३२००व्या भागाएवढी होती, एका माणसाला सहज उचलून नेता येईल अशी. पुढे १९४०च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ वि. गो. पानसे यांनी वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यात, कापसावर असे प्रयोग केले आणि साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी त्यांची शास्त्रशुद्ध घडी बसवली. आज तलाठी आणि कृषी सहायक जी दोरी ताणतात (दोघांचीही पदनामं अलीकडे बदलली, पण गावात हीच चालतात) ती या कामातून आलेली आहे.

सुखात्म्यांचं एक निरीक्षण तर वस्तुनिष्ठतेवरच्या कुठल्याही व्याख्यानाहून मोलाचं आहे. त्यांनी एकाच पिकात लहान-मोठ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले. तुकडा जितका लहान, तितकं हेक्टरी उत्पादन फुगून येत होतं. कारण साधं होतं. कापणारा माणूस सीमेवरचं चांगलं रोप नकळत आत ओढतो. मोठ्या तुकड्यात सीमा कमी आणि पोट मोठं, म्हणून ही ओढ पचून जाते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळात एक चौरस मीटर क्षेत्रामागे जवळपास ३.३ मीटर सीमा येते. १० बाय ५ मीटरच्या चौकोनात ती ०.६ मीटर. पाचपटीहून जास्त फरक. आपला चौकोन एवढा मोठा आहे त्यामागे ही शहाणीव आहे. माणूस निःपक्षपाती होईल अशी आशा सुखात्म्यांनी धरली नाही. त्याच्या पक्षपाताला कमी जागा उरेल असं माप त्यांनी निवडलं.

पलीकडे बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस तागाच्या पाहण्या करत होते आणि त्यांचा कल उलट, छोट्या आणि भरपूर तुकड्यांकडे होता. महसूल खात्याच्या नोकरांकडून मोठे तुकडे कापून घेण्यापेक्षा स्वतः शिकवलेली माणसं बरी, असं त्यांचं म्हणणं. या दोघांचा वाद चांगलाच रंगला. तुकड्याच्या आकारापुरती बाजू सुखात्म्यांची भक्कम होती, पण महालनोबिसांनी त्याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला होता. एकाच भागात दोन स्वतंत्र पथकं, दोन स्वतंत्र नमुने घेऊन पाठवायची आणि त्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे. दोन आकड्यांमधलं अंतर सांगतं की यात माणसाचा हात किती आहे. एकाने चूक करायला जागा कमी ठेवली, दुसऱ्याने चूक मोजायची सोय केली. आपण सुखात्म्यांचा चौकोन घेतला आणि महालनोबिसांचं दुसरं पथक विसरलो.

आता प्रयोग प्रत्यक्षात कुठे बिघडतो ते बघू. शेत निवडल्यावर त्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजतात. समजा लांबी १२० पावलं, रुंदी ८०. चौकोनाची स्वतःची लांबी-रुंदी साधारण १४ आणि ७ पावलं. ती वजा केली की उरतात १०६ आणि ७३. या मर्यादेत बसणाऱ्या दोन यादृच्छिक संख्या, म्हणजे चिठ्ठीतून निघाव्यात तशा, कोष्टकातून घ्यायच्या. ४१ आणि १८ आल्या, तर नैर्ऋत्य कोपऱ्यातून लांबीच्या बाजूने ४१ पावलं जायचं, काटकोनात वळून १८ पावलं आत शिरायचं आणि तिथे पहिली खुंटी ठोकायची. उरलेल्या तीन खुंट्या त्या मानाने. कर्ण ११ मीटर १८ सेंटिमीटर भरला तर कोन बरोबर.

अठरावं पाऊल कधीकधी पाणथळ खोलगटात पडतं. पीक पिवळं, विरळ, गवतच जास्त. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं: ‘हे काही खरं पीक नाही, जरा पुढे सरकू.’ ही बेइमानी नसते. उलट प्रामाणिक माणसालाच ती जास्त सुचते, कारण त्याला वाटतं आपण शेताचा ‘प्रातिनिधिक’ तुकडा घ्यावा. प्रातिनिधिक काय हे मात्र तो डोळ्यांनी ठरवतो, आणि चार पावलं सरकताच अख्खा प्रयोग पुन्हा नजरअंदाज होऊन बसतो; फरक इतकाच की आता त्याला ग्रॅमपर्यंतचं वजन चिकटलेलं असतं. खोलगटाचा वाटा शेतात जितका, तितक्या वेळा चिठ्ठी खोलगटात पडायलाच हवी. निवडीतलं हे आंधळेपण टिकवायला शिस्त लागते आणि ती माणसाच्या स्वभावाविरुद्ध जाते.

दुसरी गफलत तारखेची. एकट्या कृषी सहायकाकडे तीन-चार गावं, सगळीकडे सोयाबीन एकाच पंधरवड्यात पिकतं आणि वर आभाळ भरून आलेलं. पथक पोचेपर्यंत निवडलेल्या शेतकऱ्याने कापणी उरकलेली असते. मग शेजारचं शेत घेतलं जातं. पण लवकर कापलं गेलेलं पीक आणि उभं राहिलेलं पीक सारखं नसतं: वाण वेगळं, जमीन वेगळी, बरेचदा मजुरीची ऐपतही वेगळी.

सगळ्यात वाईट गोष्ट शून्यांची होते. ज्याचं पीक पुरतं गेलं तो ते ठेवून काय करील? रोटाव्हेटर फिरवून हरभऱ्याची तयारी करतो. ते शेत तत्त्वतः शून्य उत्पादन म्हणून नोंदवायला हवं. ‘पीक उपलब्ध नाही’ म्हणून ते यादीतून गळलं आणि जागी दुसरं आलं, तर ज्यांचं सर्वात जास्त गेलं तेच सरासरीतून बाहेर पडतात. दहा चौकोनांत दोन शून्यं आणि बाकी आठांत पाच-पाच किलो असतील तर सरासरी चार किलो, हेक्टरी आठ क्विंटल. शून्यं गाळली की तीच सरासरी दहा क्विंटल. आकडेमोड दोन्ही वेळा बिनचूक असते.

ओलाव्याचंही असंच. ओलाव्यासकट सहा किलो भरलेल्या दाण्यात १८ टक्के पाणी असेल, तर १२ टक्क्यांवर आणल्यावर ते ५ किलो ५९० ग्रॅम होतात. हेक्टरी ८२ किलोंचा फरक फक्त पाण्याचा. म्हणून नमुना वाळवून पुन्हा तोलायचा नियम आहे. घाईत कोणता नियम आधी सुटतो हे सांगायला नको. कपाशीत तर वेचण्या तीन-चार, म्हणजे खुंट्या ठोकलेला चौकोन महिना-दोन महिने जपायचा. मधल्या काळात त्यातला कापूस कोणीच वेचणार नाही या भरवशावर. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक असेल तर क्षेत्राची वाटणी ओळींच्या प्रमाणात करावी लागते. ते प्रमाण सातबाऱ्यावर एक आणि शेतात दुसरं, असं सर्रास असतं.

एवढ्या बारकाव्यात शिरायचं कारण पैशांत सांगतो. मंडळात किमान दहा प्रयोग व्हायला हवेत. विम्याचं उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांतल्या सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात आणि महाराष्ट्रात त्याच्या ७० टक्के धरतात. यंदाचं उत्पादन उंबरठ्याच्या जितके टक्के खाली, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई. समजा उत्पादन निव्वळ चौकोनांवरून काढलं, उंबरठा हेक्टरी १००० किलो, विमा रक्कम हेक्टरी ५० हजार रुपये, मंडळातलं विमाक्षेत्र ५ हजार हेक्टर. दहापैकी एका चौकोनात वजन एक किलो जास्त लिहिलं गेलं तर त्या चौकोनाचं उत्पादन २०० किलोंनी वाढतं, मंडळाची सरासरी २० किलोंनी. म्हणजे उंबरठ्याच्या दोन टक्के, हेक्टरी एक हजार रुपये. पाच हजार हेक्टरला गुणा: पन्नास लाख. एका चौकोनातल्या एका किलोचे.

दोरीजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकाला हा हिशोब तोंडपाठ नसला तरी त्याची दिशा माहीत असते. विमा प्रतिनिधीला दाणे भरपूर निघावेत असं वाटतं, गावकऱ्यांना कमी. मध्ये विळा धरलेला मजूर आणि त्याच गावात उद्या पुन्हा यायचं असलेला कर्मचारी. दोन्ही बाजूंची माणसं हजर राहावीत ही तरतूद म्हणूनच चांगली आहे, पण ती ताकदीने समान नसतात. प्रतिनिधी प्रशिक्षण घेऊन आणि मॅन्युअल हातात धरून येतो. ज्याचं शेत आहे त्याला मूळ अर्धं आत म्हणजे काय, वाळवणीचा नमुना किती घ्यायचा, हे कोणी सांगितलेलं नसतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळे आकडे बनवलेलेच. हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि हल्ली तो फार स्वस्त झाला आहे. पैसेवारीच्या बैठकीत आकडा दहा पैशांनी सरकवायला एक चहा पुरतो. चौकोनाच्या वजनात तेवढाच फरक पाडायचा तर दोरी हलवावी लागते, ओळ चोरावी लागते, काटा बिघडवावा लागतो, आणि या प्रत्येक कृतीला साक्षीदार असू शकतो. दाणे पिशवीत बांधून ठेवले तर उद्या पुन्हा तोलता येतात. नजरेचा अंदाज पुन्हा तोलता येत नाही. माझ्या मते वस्तुनिष्ठतेचं मोल या एका गोष्टीत आहे: दुसऱ्या, न पटलेल्या माणसाला तीच पावलं चालून तुमची चूक दाखवता येते. सत्य सापडल्याची हमी त्यात नाही. भांडायला एक जागा मिळते, आणि ज्याच्याकडे वशिला नाही त्याच्यासाठी ही जागा फार मोलाची असते.

पण काटा फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. ऑक्टोबरमध्ये कापणीच्या ऐन वेळी पावसाने झोडपलं तर शेंगांतला दाणा काळवंडतो, बुरशी धरतो, कधी कोंबही फुटतात. वजन बऱ्यापैकी भरतं आणि बाजारात मात्र व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊन भाव पाडतो. उत्पादन घटलेलं नाही, हे खरं. शेतकरी बुडाला, हेही खरं. व्यापाऱ्याच्या तळहाताला जे एका क्षणात कळतं ते विम्याच्या सूत्रात कुठेही नाही, कारण सूत्र लिहिताना नुकसान म्हणजे किलोंची घट असं कोणीतरी ठरवलं. तो निर्णय माणसाचा, आणि पूर्णपणे व्यक्तिनिष्ठ. नंतरची आकडेमोड कितीही निर्विकार असली तरी तिने या पहिल्या निर्णयाला वस्तुनिष्ठतेचं प्रमाणपत्र मिळत नाही.

उपग्रहाच्या बाबतीत ही फसगत अजून गोड आहे. २०२३च्या खरिपापासून केंद्राच्या पीक विमा योजनेत भात आणि गव्हाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन द्यायचं ठरलं, पुढच्या वर्षी सोयाबीनही त्यात आलं. माणूस नको, दोरी नको, दबाव नको, हे ऐकायला छान. उपग्रह मात्र मुख्यतः हिरवेपणा पाहतो. सोयाबीन कमरेइतकं वाढलं, हिरवंगार राहिलं आणि शेंगाच धरल्या नाहीत, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवीन नाही. वरून पाहिलं तर असं शेत सुदृढ दिसतं. तणाने भरलेलं शेतही हिरवंच. बांधावरचा माणूस चार झाडं उपटतो, शेंग नखाने फोडतो, पोकळ निघाली की वळून चालू लागतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात ते हेच. प्रश्न इतकाच की त्याचं हे बघणं कुठे नोंदवायची सोय आहे का.

दुष्काळाच्या बाबतीत २०२३ साली जे घडलं ते यासंदर्भात पुन्हा आठवण्यासारखं आहे. २०१६च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पैसेवारीवरची भिस्त कमी करून पाऊस, वनस्पती निर्देशांक, मातीतला ओलावा, जलसाठे, पेरणीक्षेत्र असे निकष आणले. नजरेपेक्षा हे सरस, यात वाद नाही. त्या निकषांवर ३१ ऑक्टोबर २०२३ला राज्यातले ४० तालुके दुष्काळी ठरले: २४ गंभीर, १६ मध्यम. ओरड झाली. मग दुसरा निकष लावला गेला: जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी. त्यात आणखी मंडळं बसली, आधी ९५९ आणि पुढे भर पडून १,०२१, ‘दुष्काळसदृश’ या नावाने. दोन्ही निकष आकड्यांतच होते. कोणाच्या डोळ्याला काय दिसलं हा मुद्दा कुठेच नव्हता. तरी एका निकषाने सुटलेलं गाव दुसऱ्याने आत आलं. आकडे वस्तुनिष्ठ असले तरी रेघ कुठे ओढायची हे राजकारणाने ठरवलं, आणि राजकारणानेच ठरवावं. फक्त ते ‘संगणकाने ठरवलं’ असं सांगू नये.

अतिवृष्टीची रेघ अशीच आहे, २४ तासांत ६५ मिलिमीटर. ती मोजतं मंडळातलं एक पर्जन्यमापक यंत्र. ज्यांनी मराठवाड्यातला पाऊस पाहिला आहे त्यांना माहीत आहे की तो नदीच्या अलीकडे कोसळतो आणि पलीकडे शिवारात धूळ उडते. यंत्र अलीकडे असेल तर पलीकडचाही अतिवृष्टीग्रस्त, पलीकडे असेल तर वाहून गेलेलाही कोरडा.

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीला वेगळीच तऱ्हा. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, असं आपत्ती प्रतिसाद निधीचं मान. २०१५पूर्वी ही रेघ ५० टक्क्यांवर होती. पण ३३ टक्के मोजतात कसे? काटा नाही, दोरी नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा संयुक्त पंचनामा. तीन माणसांनी बांधावर उभं राहून पाहायचं आणि सही करायची. कोणत्याही डोळ्याला ३० आणि ३५ टक्के नुकसानीतला भेद कळत नाही. कळतो तो ‘बरंच गेलं’ आणि ‘थोडं गेलं’ यातला. तिथे दोन आकडी टक्केवारी लिहायला लावणं म्हणजे नजरेला काट्याचा वेश घालणं. त्यापेक्षा पंचनाम्यात उघड-उघड चार पायऱ्या ठेवा: किरकोळ, एक तृतीयांशाच्या आसपास, निम्म्याहून जास्त, सगळं. डोळ्याला जमेल तेवढंच डोळ्याला विचारा. संशयाची जी पायरी आहे, एक तृतीयांशाच्या आसपासची, फक्त तिथे चौकोन कापा.

नजरेला तालीमही देता येते, आणि यासाठी फार काही लागत नाही. प्रयोगाच्या तक्त्यात वजनाच्या आधी एक रकाना वाढवा. पीक कापण्यापूर्वी कर्मचाऱ्याने, विमा प्रतिनिधीने आणि शेतकऱ्याने आपापला अंदाज किलोत लिहायचा, एकमेकांना न दाखवता. मग कापणी. तीन-चार हंगामांत प्रत्येकाच्या नजरेचा कल कागदावर येईल: कोण नेहमी चढं सांगतो, कोण खाली, कोणाचा अंदाज काट्याला लागून असतो. व्यापाऱ्याचा तळहात असाच तयार झाला आहे, रोज अंदाज आणि रोज वजन. सरकारी नजर वर्षानुवर्षं अंदाज करते पण आपलं वजन कधी पाहत नाही, म्हणून ती शिकतच नाही.

दुसरी मागणी कागदाची. मंडळाची सरासरी जाहीर होते, चौकोनांची वजनं शेतकऱ्याच्या हाती सहसा येत नाहीत. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागायला हवीत: निवडलेला गट क्रमांक, आलेल्या दोन यादृच्छिक संख्या, ओलं वजन, वाळलेलं वजन, बदललेलं शेत असेल तर मूळ शेत आणि बदलाचं कारण, आणि नांगरून टाकलेलं असेल तर तिथे ठसठशीत शून्य. प्रयोग नोंदवायच्या सध्याच्या अॅपमध्ये जागा आणि वेळेसकट फोटो चढतो, ते चांगलंच आहे. पण फोटोत दोरीवरच्या ओळीचं काय केलं ते दिसत नाही. त्यासाठी कापणीनंतर चौकोनाच्या चारही बाजूंच्या धसकटांचा फोटो लागेल. धसकटं दोरीच्या बाहेर कापलेली असली तर ती खोटं बोलत नाहीत.

तिसरी मागणी महालनोबिसांच्या दुसऱ्या पथकाची. मंडळातल्या दहा प्रयोगांपैकी निदान दोन गावांत वेगळ्या तालुक्यातून आलेल्या दोघांनी, स्वतःच्या यादृच्छिक संख्या घेऊन, स्वतःची खुंटी ठोकून, स्वतःचा चौकोन कापायचा. दोन चौकोनांच्या वजनात फरक पडणारच. एकाच शेतात दहा मीटरवर पीक बदलतं. पण शंभर-दोनशे मंडळांचे असे जोड एकत्र मांडले आणि स्थानिक पथकाचं वजन बहुतेक ठिकाणी एकाच बाजूला झुकलेलं निघालं, तर तो जमिनीचा गुण म्हणता येणार नाही. खर्च म्हणाल तर दोन माणसांचे दोन दिवस, चार खुंट्या, तीस मीटर दोरी, एक ताडपत्री आणि गेल्याच आठवड्यात प्रमाणित करून घेतलेला काटा.